दहापट लहान होडीवरून खऱ्या होडीचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न : पठाण_हर्णै

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधण्याचे काम चालत आले आहे आणि आजवर आम्ही कागदावर आकडेमोड न करता, जुन्या होडीची मापे दोरीने घेऊन नवी होडी उभी करीत आलो. यंदा मात्र एका गिऱ्हाइकाने 12 मीटर लांब व 4 मीटर रुंद अशी होडी मागितली आहे. बर्फ, जाळी आणि डिझेल भरल्यावर तिचे वजन सुमारे 20 टन होईल आणि ती 8 नॉट वेगाने जावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. एवढी लांब होडी आम्ही पूर्वी बांधलेली नाही. इंजिन विकणाऱ्याने 120 अश्वशक्तीचे इंजिन सुचवले, परंतु तो आकडा कुठून आला हे त्याला सांगता आले नाही. म्हणून मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या काळात हाताशी वेळ आहे तोवर मी 1:10 प्रमाणात लाकडाचे मॉडेल तयार केले आणि देवळामागच्या तळ्यात ते ओढून पाहिले.

येथेच घोटाळा झाला. सगळी मापे दहापट लहान केली, म्हणून वेगही दहापट कमी करावा असे समजून मी 0.8 नॉटने मॉडेल ओढले, तर पाणी जेमतेम हलले. खरी होडी आठ नॉटला नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, केवढी लाट उठवते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे मॉडेल खोटे बोलत आहे हे लगेच कळले. मग पूर्ण आठ नॉटच्या जवळपास ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मॉडेल नाळ वर करून उड्या मारू लागले.

दुसरी शंका जाळे ओढण्याच्या लोखंडी चौकटीविषयी आहे. तिचेही 1:10 मॉडेल 6 मिलिमीटरच्या सळईचे केले असून त्याने 3 किलो वजन न वाकता पेलले. वजन हजारपट होते या हिशेबाने खरी चौकट 3 टन पेलेल, असे धरावे काय?

आणि तिसरी गोष्ट : अंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी वाळूवर लाटा फुटतात, तेथून आत येताना ही होडी किती डुलेल हे मॉडेलवरून समजू शकेल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. माझे शिक्षण आयटीआयपर्यंत झाले आहे, पण वर्गमूळ काढता येते.

उत्तर 1 : नौकाशिल्प

आपण ज्या जागी अडलात, त्याच जागी इंग्लंडमधील विल्यम फ्रूड या अभियंत्याने सन 1860 नंतरच्या दशकात कामाला सुरुवात केली होती. त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन निरनिराळ्या आकारांची 3, 6 व 12 फूट लांबीची मॉडेले करून डार्ट नदीत ओढली आणि त्याच्या लक्षात आले की, वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तर लहान-मोठ्या मॉडेलांभोवती उठणाऱ्या लाटा हुबेहूब सारख्या दिसतात. वेगाला, गुरुत्वाकर्षण आणि लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले की जी संख्या येते, तिला आज फ्रूड संख्या म्हणतात. ती मॉडेलची आणि होडीची एकच असली पाहिजे. आपल्या होडीसाठी 8 नॉट म्हणजे सेकंदाला 4.1 मीटर, 10 चे वर्गमूळ 3.16, म्हणून मॉडेलचा वेग सेकंदाला 1.3 मीटर, म्हणजे साधारण अडीच नॉट हवा. आपण एकदा याच्या एक-तृतीयांशाने ओढलेत आणि एकदा तिपटीहून अधिक वेगाने, त्यामुळे दोन्ही वेळा मॉडेलने आपल्याला दुसऱ्याच कुठल्यातरी होडीची कथा सांगितली.

आकडेमोडीवर विश्वास ठेवण्यापूर्वी डोळ्यांनी खात्री करून घेता येते. खोल पाण्यात होडीबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. 8 नॉटला ती सुमारे 10.8 मीटर येते, म्हणजे जवळजवळ आपल्या होडीएवढीच, आणि म्हणूनच एक शिखर नाळेपाशी व दुसरे मागच्या टोकाजवळ दिसते. मॉडेल 1.3 मीटर वेगाने ओढलेत की हीच लाट 1.08 मीटरची होईल आणि तिची शिखरे मॉडेलवर त्याच जागी पडतील. मोबाईलवर बाजूने चित्रीकरण करा आणि समुद्रातल्या एखाद्या तशाच होडीच्या छायाचित्राशी ताडून पाहा. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, दाखवलेत तर तो एका नजरेत सांगेल.

आता वजन. मॉडेलचे एकूण वजन 20 टनांचा हजारावा भाग, म्हणजे 20 किलो हवे, परंतु समुद्राचे पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे 19.5 किलो धरा, म्हणजे पाण्याची रेषा बरोबर जागी येईल.

खरी अडचण यापुढे आहे. होडीला पाण्याचा जो रोध होतो, त्याचा एक भाग लाटा उठवण्यात खर्च होतो आणि दुसरा भाग तळाशी घासणाऱ्या पाण्याच्या घर्षणाचा असतो. लाटांचा भाग फ्रूड संख्या पाळतो, परंतु घर्षण पाण्याच्या श्यानतेवर म्हणजे चिकटपणावर अवलंबून असते आणि ते रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि लांबी यांच्या गुणाकाराला चिकटपणाने भागून येणारी संख्या) पाळते. दोन्ही संख्या एकाच वेळी जुळवायच्या, तर तळ्यात पाण्याऐवजी त्याहून तीसपट कमी चिकट द्रव भरावा लागेल, आणि तसा द्रव कोणाकडेच नाही. फ्रूडने यातून काढलेला मार्ग आजही तसाच वापरात आहे : मॉडेल लाटांच्या नियमाने ओढायचे, मोजलेल्या एकूण रोधातून मॉडेलचे घर्षण गणिताने वजा करायचे, उरलेला भाग हजारपट करायचा आणि त्यात खऱ्या होडीचे घर्षण पुन्हा गणितानेच मिळवायचे. घर्षणाचा अंदाज यावा म्हणून त्याने लांबच लांब फळ्या पाण्यात ओढून मोजमापे घेतली होती, आणि पुढे ‘ग्रेहाउंड’ नावाचे खरेखुरे जहाज दुसऱ्या जहाजाकडून ओढवून घेऊन त्याने आपल्या पद्धतीची परीक्षाही केली.

आपल्यासाठी एक उदाहरण करून दाखवतो. पाण्याखालचे क्षेत्रफळ 48 चौरस मीटर धरले आहे; ते आपण मोजून बदलावे. समजा मॉडेल 1.3 मीटर वेगाने ओढायला 7.4 न्यूटन, म्हणजे सुमारे 755 ग्रॅम वजनाचा ताण लागला. सन 1957 पासून जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात त्या सूत्राने मॉडेलचे घर्षण 1.67 न्यूटन येते, उरले 5.73. त्याचे हजारपट करून समुद्राच्या पाण्याचा 1.025 हा गुणक लावला की सुमारे 5,870 न्यूटन होतात. खऱ्या होडीचे घर्षण सुमारे 950 न्यूटन. बेरीज 6,820 न्यूटन. हे न करता मोजलेला आकडा सरळ हजारपट केला असता, तर 7,590 आले असते, म्हणजे अकरा टक्के जास्त. 6,820 न्यूटनला 4.1 मीटर वेगाने गुणल्यास 28 किलोवॅट मिळतात. पंखा आणि दांडा यांत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते असे धरून इंजिनाकडून सुमारे 62 किलोवॅट, म्हणजे 84 अश्वशक्ती लागतील. हा आकडा शांत पाण्याचा आहे. समोरून वारा, तळाला लागलेले कालव आणि मागे ओढायचे जाळे यांसाठी वर राखीव शक्ती ठेवावीच लागते, त्यामुळे 120 हा आकडा अगदीच अवास्तव आहे असे मी म्हणणार नाही. तो कसा आला हे मात्र त्या विक्रेत्याला सांगता यायला हवे होते.

उत्तर 2 : कप्पी_दोरी

वरील उत्तरात एक व्यावहारिक बाब राहून गेली आहे. सव्वा मीटरच्या मॉडेलभोवती पाणी पुष्कळदा संथ थरांनी सरकते, तर खऱ्या होडीभोवती ते घुसळलेले असते. पाणी संथ सरकले तर मॉडेलचे घर्षण 1.67 ऐवजी 0.4 न्यूटनपर्यंत उतरू शकते. आपण मात्र गणितात 1.67 वजा करणार, त्यामुळे लाटांचा भाग खोटा लहान दिसणार आणि शेवटी खऱ्या होडीचा रोध एकोणीस-वीस टक्के कमी येणार. हा दोष धोक्याच्या बाजूचा आहे, कारण इंजिन कमी पडेल. उपाय सोपा आहे : नाळेपासून पाच-सहा सेंटिमीटर मागे, दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत जाड वाळूची एक बारीक पट्टी सरसाने चिकटवा. मोठ्या प्रयोगशाळाही तार, खिळे किंवा वाळू वापरून हेच करतात.

ओढताना हाताने ओढू नका. हाताचा ताण कधीच सारखा राहत नाही. काठावरच्या माडाला उंच कप्पी बांधून वजन खाली पडू द्या आणि त्या वजनाने मॉडेल ओढले जाऊ द्या. ताण माहीत असतो, फक्त वेळ मोजायची. माड पुरेसा उंच नसेल तर चार पदरी कप्पी लावून चौपट वजन टांगावे, म्हणजे वजन एक मीटर उतरले की मॉडेल चार मीटर सरकेल. मात्र कप्पीचे स्वतःचे घर्षण आधी मोजून वजा करा, कारण आपण 755 ग्रॅमच्या गोष्टी बोलत आहोत आणि गंजकी कप्पी त्यातले शंभर ग्रॅम सहज खाऊन टाकते. वीस किलोचे मॉडेल एकदम वेग घेत नाही; पहिले दहा मीटर सोडून द्यावेत आणि पुढच्या दहा मीटरांना लागलेली वेळ घ्यावी. दोन धावांच्या मध्ये पाणी पूर्ण निवळेपर्यंत थांबणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि सर्वाधिक चुका तेथेच होतात.

तळे निदान एक मीटर खोल असावे. अर्ध्या मीटरहून कमी पाण्यात या वेगाला तळाचा परिणाम जाणवू लागतो आणि रोध उगाच वाढलेला दिसतो.

उत्तर 3 : संगणकस्नेही

आजच्या काळात प्रवाहाचे गणित संगणकावर सोडवणारी मुक्त प्रणाली विनामूल्य मिळत असताना लाकडाची मॉडेले तळ्यात ओढण्यात वेळ का घालवावा, हे मला समजत नाही. होडीचा आकार संगणकात भरला की सगळे आकडे थेट पूर्ण आकाराचे मिळतात आणि हे वर्गमुळांचे प्रश्नच उद्भवत नाहीत.

उत्तर 4 : नौकाशिल्प

संगणकाला माझा विरोध नाही. मी स्वतः तो रोज वापरतो. परंतु पाण्याचा पृष्ठभाग, फुटणारी नाळेची लाट आणि मागच्या टोकाशी सुटणारा प्रवाह हे सारे बरोबर पकडायचे असेल, तर संगणकात पाण्याचे लहान लहान तुकडे पाडणारी गणिताची जाळी कशी विणावी आणि घुसळणीचे कोणते प्रतिमान घ्यावे हे ठरवण्यात अनुभव लागतो, आणि तो निर्णय योग्य होता की नाही हे शेवटी मॉडेलच्या मोजमापांशी ताडूनच ठरते. खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटींमध्ये मॉडेल ओढण्याच्या टाक्या अजून वापरात आहेत, त्या हौसेखातर नव्हेत. शिवाय ज्याच्या हातात रंधा आहे आणि घरामागे तळे आहे, त्याला मॉडेल स्वस्त पडते.

उत्तर 5 : लोखंड_कोकणी

मला चौकटीविषयी बोलायचे आहे, कारण तेथे जीव जाऊ शकतो. 3 टन धरू नका.

मूळ नियम गॅलिलिओने सन 1638 च्या आपल्या ग्रंथात मांडला. वस्तू दहापट मोठी केली की तिचे वजन हजारपट होते, परंतु भार पेलणारा काटछेद, म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ, फक्त शंभरपट होतो. त्याच धातूची, त्याच आकाराची चौकट असेल, तर धातूवर तेवढाच ताण येण्यासाठी टांगलेला भार शंभरपट करायचा असतो. चौकटीचा खांब बाजूला लचकून वाकण्याचा भारही शंभरपटच होतो. म्हणून आपल्या 3 किलोंवरून खऱ्या चौकटीसाठी 300 किलोच सिद्ध होतात. होडीच्या वजनाचा हजारपटीचा हिशेब बरोबर होता आणि चौकटीला तोच लावणे चूक होते. एकाच मॉडेलमध्ये दोन निरनिराळे गुणक चालतात, आणि बहुतेक अपघाती चुका याच सांध्यात होतात, असा माझा अनुभव आहे.

पण 300 सुद्धा खरे नाहीत. आपण भरीव सळई वापरली आहे. खरी चौकट, माझ्या अंदाजाने, 60 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या आणि 4 मिलिमीटर जाडीच्या नळीची असेल. तिची खरी प्रतिकृती 6 मिलिमीटर व्यासाची आणि 0.4 मिलिमीटर जाडीची नळी झाली असती. भरीव सळई वाकण्याच्या बाबतीत तशा नळीपेक्षा सुमारे 2.3 पट बळकट असते, म्हणजे आपल्या प्रयोगाने प्रत्यक्षात 130 किलोंचीच ग्वाही दिली. आणि तीही संथ टांगलेल्या भाराची. जाळे खडकात अडकले असताना होडी लाटेवर वर उचलली गेली म्हणजे बसणारा हिसका याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि जोडाचे वेल्डिंग कसे आहे हे तर मॉडेलला माहीतच नसते. चौकटीसाठी मॉडेल सोडून द्या. नळीचा काटछेद घेऊन साधे गणित करा किंवा कोणाकडून करून घ्या, आणि बांधल्यावर खरे वजन टांगून तपासा.

उत्तर 6 : गाळ_आणि_भरती

मी जलविज्ञानाच्या क्षेत्रातून निवृत्त झालेलो आहे, म्हणून खाडीच्या मुखाविषयी थोडे लिहितो. सन 1916 मध्ये सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत बंदरांची आणि नद्यांची मॉडेले उभारली जातात. ज्यांनी ती पाहिली असतील त्यांना मोठ्या पत्र्याच्या छपराखालची ती लहानशी किनारपट्टी आठवत असेल.

आपल्याला होडी डुलण्याचा अंदाज हवा असेल, तर लाटाही प्रमाणात करायला हव्यात : दीड मीटर उंचीची, सहा सेकंदांची लाट मॉडेलसाठी 15 सेंटिमीटर उंचीची आणि 1.9 सेकंदांची होईल. काळालाही वर्गमुळाचाच नियम लागतो. अशी लाट तळ्याच्या एका टोकाला फळी हलवून उठवता येते, परंतु ती पलीकडच्या काठावरून परत येऊन सगळे बिघडवते, म्हणून त्या काठाशी झावळ्यांचा उतरता ढीग टाकावा.

खाडीच्या वाळूचे मॉडेल करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. वाळूचा कण शंभरपट बारीक केला तर ती वाळू राहत नाही, चिखल होते आणि कण एकमेकांना धरून बसतात. म्हणून आम्ही कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वापरतो. उथळ खाडीचे सरसकट प्रमाण घेतले तर पाणी इतके पातळ होते की पृष्ठताण आणि घर्षणच राज्य करू लागतात, त्यामुळे उंचीचे प्रमाण वेगळे ठेवावे लागते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी सन 1885 मध्ये मर्सी नदीच्या मुखाचे जे मॉडेल केले, त्यात आडवे प्रमाण 1:31,800 आणि उभे 1:960 होते, आणि बारा-साडेबारा तासांची भरती-ओहोटी त्यात पाऊण मिनिटाहून कमी वेळात पुरी होत असे. प्रवाह कोठे वळतो आणि गाळ कोठे साचतो हे अशा वाकड्या मॉडेलवरून चांगले समजते, पण त्यात होडी सोडून ती कशी डुलते हे पाहणे निरर्थक ठरेल, कारण तिच्या दृष्टीने लाटेचा उतारच खोटा असतो. अंजर्ल्याच्या मुखाशी वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

उत्तर 7 : नौकाशिल्प

डुलण्याविषयी पुस्ती जोडतो. वजन 19.5 किलो भरले एवढ्याने भागत नाही, ते कोठे भरले याला महत्त्व आहे. सगळी वाळूची पोती मॉडेलच्या तळाशी, मधोमध ठेवली तर मॉडेल चटकन सरळ होईल आणि आपली फसवणूक होईल. खऱ्या होडीत इंजिन, बर्फाची खण, छतावरची जाळी आणि केबिन जेथे असतील, त्या प्रमाणात उंचीवर आणि बाजूंना वजने वाटून ठेवा. नंतर मॉडेल एका बाजूला कलवून सोडा आणि दहा हेलकाव्यांची वेळ मोजून एका हेलकाव्याची वेळ काढा. ती 1.26 सेकंद आली, तर खरी होडी 4 सेकंदांत एक पूर्ण हेलकावा घेईल. 4 मीटर रुंदीच्या होडीचा हेलकावा 4 सेकंदांचा असेल, तर नेहमीच्या ढोबळ सूत्राप्रमाणे तिची स्थिरता दाखवणारी उंची सुमारे 0.64 मीटर येते, जी ठीक आहे. हेलकावा 6 सेकंदांवर गेला तर ती उंची 0.28 मीटरवर येते. अशी होडी आरामात, संथ डुलते म्हणून खलाशांना आवडते, आणि नेमकी तीच उलटण्याच्या जवळ असते.

होडी पाण्यात उतरल्यावर हीच परीक्षा धक्क्याशी खऱ्या होडीवर करावी, रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा. हेलकावे किती लवकर शमतात याबाबत मात्र मॉडेलवर विसंबू नका. ते पुन्हा पाण्याच्या चिकटपणाचे काम आहे.

प्रतिसाद : पठाण_हर्णै

सर्वांचा मनापासून आभारी आहे. चौकटीचा प्रयोग थांबवला असून नळीचे गणित तालुक्यातील एका अभियंत्याकडे दिले आहे. नळी आपण म्हणालात तशी 60 चीच होती, पण जाडी 3 मिलिमीटर निघाली, म्हणजे हिशेब आणखी खाली जाईल.

मॉडेल तराजूवर ठेवले तर नुसते लाकूडच 11.6 किलो भरले, त्यामुळे वजने वाटण्यासाठी माझ्याकडे 7.9 किलो उरतात. एवढ्यात इंजिन, बर्फ आणि छतावरची जाळी बसवायची म्हणजे मॉडेलच्या भिंती आतून पोखराव्या लागतील, त्या कामाला लागलो आहे. नाळेवर वाळूची पट्टी बसवली. तळ्याची खोली काठीने मोजली तर मधोमध 1.4 मीटर आणि देवळाच्या बाजूला 60 सेंटिमीटर भरली, म्हणून धाव आडवी न घेता लांबीने घेणार आहे. काल सेकंदाला 1.3 मीटरच्या आसपास एकदा ओढून पाहिले तेव्हा लाटेचे दुसरे शिखर मागच्या टोकाच्या थोडे आत पडले. माझे काका काठावर बसले होते. ते म्हणाले, आता ही होडीसारखी चालते.

उत्तर 8 : कप्पी_दोरी

प्रत्येक धावेच्या वेळी पाण्याचे तापमान टिपून ठेवा. सकाळी 25 अंश आणि दुपारी 31 अंश असेल तर चिकटपणा दहा-बारा टक्क्यांनी बदलतो, आणि नौकाशिल्प यांनी मांडलेल्या गणितात मॉडेलच्या घर्षणाचा आकडा त्याच पाण्याचा घालावा लागतो.